रिवणकरांचा सोमवार

कुडचड्याच्या बाजारातली ती पाटी मीच रंगवली.
तेव्हा दुकानात चार पंखे, इस्त्र्या, दोन मिक्सर,
आणि म्हातारे रिवणकर स्वतः पाना घेऊन
सायकलवरून लोकांच्या घरी जायचे.
पिवळ्यावर निळं. सावली तांबडी.
'व'च्या पोटात मी जरा जास्त जागा सोडली होती,
नाव कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून.

पुढे मुलगा बसला गल्ल्यावर.
सांगे ते केपे, रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या भिंतींवर
एकशे चाळीस वेळा लिहिलं मी ते नाव.
खाणीच्या ट्रकांची लाल धूळ ओल्या रंगावर बसायची,
पुसायचो, पुन्हा लिहायचो.
'लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे,' तो म्हणायचा.

सावर्ड्याच्या रेजिना फुर्तादोनं
त्यांच्याकडूनच घेतला ग्राइंडर.
पुलाजवळ तिची खानावळ, दुपारची साठ ताटं,
साठ ताटांचं हुमण म्हणजे वीस नारळ.
सातव्या महिन्यात दगड फिरेना.
वॉरंटीचा कागद तिनं जपला होता
बायबलमध्ये, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी.

काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
सोमवारी या.
सोमवारी मेकॅनिक मडगावला गेलेला.
पुढच्या सोमवारी पार्ट यायचा होता, बेळगावहून.
त्याच्या पुढच्या सोमवारी
कागदावरचा शिक्का पुसट आहे म्हणाले.
शिक्का त्यांचाच.
फोन लावला तर आधी बासरी वाजायची,
मग एक बाई गोड आवाजात तिचे आभार मानायची,
मग काहीच नाही.
पाचव्या खेपेला पोरगा म्हणाला,
'बाय, जास्तच चालवला असणार तुम्ही.'

ती भांडली नाही.
भांडली असती तर दुकानाचं बरं झालं असतं.
घरी येऊन मागच्या पडवीतला रगडा पुढे ओढला,
त्यात कोंबडी बसायची, तिला हुसकलं,
आणि वाटायला बसली.
एका ट्रकवाल्यानं विचारलं, आज जेवण उशिरा?
ग्राइंडर कधी येणार?
ती म्हणाली, 'रिवणकरांच्या सोमवारी.'

एवढंच.

ट्रकवाल्यानं ते खाणीवर नेलं,
पोदेरानं पावाबरोबर दारोदार.
ग्रामसभेत कुणी विचारलं, नळाला पाणी कधी,
तर मागच्या बाकावरून आवाज आला:
रिवणकरांच्या सोमवारी.
उधारी कधी फेडतोस? धाकट्याचं लग्न कधी?
दुकानाची पायरीही न चढलेली शाळेतली पोरं
गृहपाठाबद्दल तेच सांगू लागली.
बसलं नाव लोकांच्या तोंडी.
माझ्या एकशे चाळीस भिंतींना जमलं नव्हतं ते
एका बाईच्या दमलेल्या वाक्याला जमलं.

मागच्या आठवड्यात मला निरोप आला.
दुकानात सगळे पंखे चालू, गिऱ्हाईक एक नाही.
'गुरुदास, पाटी जुनी दिसते,' मालक म्हणाला,
'अक्षरं मोठी कर. खाली लिही, सेवा हाच आमचा धर्म.'
मी शिडीवर चढून माप घेतलं.
नखानं खरवडून पाहिलं, रंग निघेना.
रंगाला काही झालंच नव्हतं.
'कधी येतोस मग?'
'सोमवारी,' मी म्हणालो.
देवाशपथ, मनात काही नव्हतं.
काउंटरवरचा पोरगा खाली वाकून हसू लागला,
दारातला हमाल हसला,
शेजारचा फुलवाला तर हार सोडून उठला.
'काय झालं रे?' मालक विचारत राहिला
एकेकाच्या तोंडाकडे बघत.
सबंध तालुक्यात त्यालाच माहीत नव्हतं.
कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळी सातला मी शिडी लावली.
पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली,
बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत
माझंही नाव असतं.